ट्रेलरच्या दांड्याला गेलेला तडा

बायकोच्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि संडासासाठी तिच्या पोटावर कायमची पिशवी आली. परळच्या हॉस्पिटलात एका नर्सनं आम्हा दोघांना समोर बसवून ती कशी रिकामी करायची, कशी धुवायची, कातडी कशी जपायची ते दाखवलं. बायको लवकर शिकली. मला वेळ लागला. माझं अख्खं आयुष्य माझगावला जहाजांच्या कारखान्यात फिटर म्हणून गेलं, हात पत्र्याला आणि लोखंडी चॅनलला सरावलेले. त्या मऊ पिशवीला ते फार जड पडायचे.

लालबागची आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला होता आणि संडास घरात आला होता. ती म्हणायची, "चाळीत असतंय तर बादली घेवन रांगेत उभी रवलंय असतंय." घरात तिचं बरं चाललं होतं. पण घराबाहेर पडणं तिनं जवळजवळ बंद केलं. दादरला फुलं आणायला गेली तरी अर्ध्या वाटेतून परत यायची. कुणाच्या लग्नाला नाही, बारशाला नाही. पिशवी कधी भरेल, कधी सुटेल, वास येईल, याची धास्ती. पाणी आणि दाराला कडी, एवढं जिथे नसेल तिथे ती जायची नाही.

आणि गाव तर फारच लांब. मालवण तालुक्यात समुद्राला लागून तिचं माहेर. तिथे तिची थोरली बहीण, आक्का. आई लवकर गेल्यामुळे हिला आणि हिच्या धाकट्या भावाला आक्कानंच वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही. आता तिच्या खुब्याचं हाड मोडलेलं, पडवीच्या पलीकडे जाता येत नाही. दोघी व्हिडिओ कॉलवर बोलायच्या. आक्काला फोन नीट धरता यायचा नाही, त्यामुळे आम्हाला बहुतेक वेळा घराचे वासे दिसायचे आणि आवाज यायचा, "कधी येतंस गो?"

"येतलंय," ही म्हणायची. कशी, ते दोघींनाही माहीत नव्हतं. रेल्वेच्या हलत्या संडासात ते सगळं करणं तिला जमणारं नव्हतं. मोटारीनं जायचं तर वाटेतल्या हॉटेलांत कुठे पाणी नसतं, कुठे कडी नसते.

ट्रेलरची कल्पना मेहुण्याची. हिचा धाकटा भाऊ, प्रभादेवीला राहतो, त्याची स्वतःची जीप आहे. शूटिंगला गाड्या पुरवणारा एक माणूस धंदा बंद करत होता आणि त्याच्याकडे मागे जोडून ओढायचा एक जुना ट्रेलर होता. आत बिछाना, छोटा ओटा, आणि मुख्य म्हणजे संडास-बाथरूम, पाण्याची टाकी. मेहुणा म्हणाला, "भावजी, ताईचा संडास ताईच्या मागनं येईल. कुठे पण थांबवू."

आम्ही बघायला गेलो. मी आधी ट्रेलरच्या खाली शिरलो. चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, नुकताच काळा रंग मारलेला होता, म्हणजे काहीतरी झाकलेलं होतं. पान्यानं ठोकत गेलो. चांगलं लोखंड खणखणतं. इथे मध्ये मध्ये बद्द आवाज येत होता. मी बाहेर आलो आणि बायकोला खरं ते सांगितलं.

"खाली गंज आहे. बराच आहे."

"काढूक येता मा?"

"येता. पण किती आत गेलाय ते खरवडल्याशिवाय कळणार नाही."

ती आत गेली. बाथरूमचं दार लावून घेतलं. आम्ही दोघं बाहेर उभे. नळाचा आवाज आला, मग फ्लशचा. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि केस नीट केलेले. "पाणी येता," एवढंच म्हणाली. त्यानंतर नको म्हणणं मला शक्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही म्हणायचं नव्हतं.

कॉटन ग्रीनला माझ्या कारखान्यातल्या एका दोस्ताच्या ओळखीनं गोदामाच्या आवारात जागा मिळाली. ट्रेलर तिथे आणून ठेवला. रोज सकाळी नाश्ता झाला की मी तिकडे जायचो. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच हाताला काम होतं.

पहिली अडचण जोडणीची. जीपच्या मागे लोखंडी गोळा बसवतात आणि ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाला त्या गोळ्यावर बसणारी वाटी असते. परळच्या गॅरेजवाल्यानं जीपला जो गोळा लावून दिला तो वाटीपेक्षा लहान होता. बसायचा, पण खडखडायचा. असा गोळा खड्ड्यात उसळून बाहेर येतो. बरोबर मापाचा मिळेपर्यंत बरेच दिवस गेले. तो मिळाला तेव्हा वाटी अशी घट्ट बसली की मेहुण्यानं दांड्यावर उभं राहून नाचून बघितलं.

एका रविवारी पहाटे बंदराच्या रस्त्यावर, शिवडीच्या बाजूला, चालवून बघितलं. हळू होतो तोवर ठीक. जरा वेग घेतला तर ट्रेलर मागे शेपटी हलवायला लागला. आधी थोडा, मग जीपलाच दोन्हीकडे ओढायला लागला. मेहुण्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं. त्यानं ब्रेक न मारता नुसता अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला म्हणून वाचलो.

कारण शोधायला वेळ लागला नाही. पाण्याची टाकी बाथरूमखाली, अगदी मागच्या टोकाला होती. चाकांच्या मागे सगळं वजन, पुढचा दांडा मी एका हातानं उचलू शकत होतो इतका हलका. असा ट्रेलर रस्त्यावर सरळ चालत नाही. उपाय एकच, टाकी पुढे आणायची. रे रोडच्या एका वेल्डरला बोलावलं. माझ्याच वयाचा, कामाला चोख. त्यानं टाकी धरून ठेवणारे जुने लोखंडी कोन कापले आणि चाकांच्या वर ओटा असल्यामुळे टाकी थेट पुढे बिछान्याखाली बसवली. पाइप लांबवला.

पुन्हा चालवलं. ट्रेलर सुतासारखा सरळ आला. त्या दिवशी बायको गोदामात आली होती, घावणे आणि चटणी डब्यात घेऊन. ट्रेलरमध्येच बसून आम्ही खाल्लं. वेल्डरलाही दिलं. ती खिडकीचा पडदा बघत होती, म्हणाली, "ह्यो बदलूक होयो. आक्काक निळो आवडता." मला वाटलं, जमलं.

असं आणखी थोडं चालवून बघितल्यावर एक दिवस मी फडक्यानं पुसत होतो. दांडा जिथे चासीला जोडलेला असतो तिथे काळ्या रंगावर केसाएवढी रेघ दिसली, आणि तिच्या कडेनं विटकरी रंगाची भुकटी. जहाजावर अशी रेघ दिसली की सुपरवायझर काम थांबवायचा. मी ग्राइंडरनं रंग काढला. रेघ रंगात नव्हती. लोखंडात होती, आणि पार कोपऱ्यातून वळून आत गेली होती.

टाकी मागे होती तेव्हा ट्रेलर डोलत होता. पुढे आणली तर तिचं सगळं वजन दांड्याच्या मुळाशी आलं, आणि तिथलं लोखंड आतून खाल्लेलं होतं. टाकीच काढून टाकली तर दोन्ही प्रश्न मिटत होते. पण मग त्या ट्रेलरला काही अर्थच नव्हता. लहान टाकीचाही विचार केला. बायकोला दिवसभरात किती पाणी लागतं ते मला माहीत होतं, लहान टाकी पुरली नसती. वाटेत भरत जाऊ म्हणावं, तर पाण्याच्या भरवशासाठीच तर हा सगळा खटाटोप होता.

वेल्डरनं तड्याच्या टोकाला भोक पाडलं, म्हणजे तडा पुढे सरकू नये. मग वेल्डिंग केलं, दोन्ही बाजूंनी तिकोनी प्लेटा लावल्या. काम चांगलं केलं होतं, मी स्वतः बघितलं. पुढच्या फेरीनंतर जिथे नवी प्लेट संपत होती तिथे जुनी चासी फाटायला लागली.

"उसके आगे से पकडते," वेल्डर म्हणाला.

"आणि त्याच्या पुढे?"

त्यानं खांदे उडवले. "जितना अच्छा लोहा मिलेगा उतना."

आम्ही चांगलं लोखंड शोधत मागे मागे गेलो. आडव्या चॅनलमध्ये मी स्क्रूड्रायव्हर घातला तर तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर भोकातून बारीक भुसा पडावा तसा गंज पडत राहिला. वेल्डरनं बिडी पेटवली आणि आम्ही दोघं ते बघत बसलो.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं की खालचा सांगाडा पूर्ण नवा करावा लागेल, आणि तसं करायचं तर वरची खोली उचलावी लागेल. फळ्या कुजलेल्या आहेत, ती उचलताना टिकेल की नाही सांगता येत नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जावंदे मगे. नको." आणि स्वयंपाकघरात गेली.

कदाचित तिथेच थांबलो असतो. पण पाऊस संपता संपता आक्काला ताप आला, आणि त्यातून उठली ती अर्धी होऊन. शेजारच्या बाईनं फोन धरला होता म्हणून या वेळी तिचा चेहरा दिसला. बायकोनं हातातला फोन जवळ ओढला. आक्का म्हणाली, "मी वाट बघूचा सोडलंय आता. तू तुझी तब्येत सांभाळ."

फोन ठेवल्यावर बायको मला म्हणाली, "एकदाच जावया. जावचा आणि येवचा. तेवढा टिकात?"

मी म्हणालो, "सांगता येत नाही."

"म्हणजे टिकात पण?"

"टिकू पण शकतो."

मी खोटं बोललो नव्हतो. जहाजाच्या कामात आम्ही कितीतरी ठिगळं अशी लावली होती की एवढ्या फेरीपुरती टिकू दे, आणि ती टिकली होती. वेल्डरनं चासीच्या दोन्ही बाजूंना लांब पट्ट्या मारून दिल्या. मी जीपच्या हुकाला दोन साखळ्या जोडल्या, दांडा सुटलाच तर ट्रेलर रस्त्यावर पळू नये म्हणून. टाकी पाऊण भरली. पडदा निळा झाला होता.

दिवाळीच्या आधी, उजाडताना निघालो. मेहुणा गाडी चालवत होता, बायको मागे उशी घेऊन. मी सारखा आरशात बघत होतो. वाशीचा पूल हळूहळू पार केला. पनवेलच्या पुढे एका झाडाखाली थांबलो. ती ट्रेलरमध्ये गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली, साडी नीटनेटकी, हात पुसत. तिच्या चेहऱ्यावर अशी मोकळीक मी ऑपरेशननंतर बघितली नव्हती. टपरीवर चहा प्यायली. बाहेर, लोकांत बसून तिनं चहा पिणं ही मोठी गोष्ट होती.

"ताई, आता थेट आक्काच्या दारात," मेहुणा म्हणाला.

मी दांड्याखाली वाकून बघितलं. पट्टीच्या कडेला रंग उडाला होता. मी ते मेहुण्याला दाखवलं. "हळू घेतो," तो म्हणाला.

वडखळच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं. डांबरी संपून वळणरस्ता, खडी, मग पुन्हा डांबरावर चढायची एक पायरी. जीपची पुढची चाकं चढली, मागची चढली, आणि मग मोठा आवाज झाला, लोखंडी दरवाजा पडावा तसा. जीपला मागून धक्का बसला. मेहुण्यानं गाडी कडेला घेतली. साखळ्यांनी धरून ठेवलं होतं म्हणून ट्रेलर मागेच होता, पण नाक खाली घालून. दांडा गोळ्याला लटकत होता आणि चासीचा पुढचा तुकडा त्याच्याबरोबर उपटून आला होता. आमच्या वेल्डिंगला काही झालं नव्हतं. त्याच्या मागचं लोखंड ओल्या पुठ्ठ्यासारखं फाटलं होतं.

कुणाला लागलं नाही. बायको उतरून माझ्या शेजारी उभी राहिली.

"होतला?" तिनं विचारलं.

"नाही."

"आजच्यापुरता?"

"नाय गो."

इतके महिने मी बघू, करू, सांगता येत नाही असंच म्हणत होतो. तिनं मान हलवली. मेहुणा मोटरसायकलवाल्याला थांबवून जवळच्या गॅरेजातला माणूस घेऊन आला. त्यानं खाली बघितलं, हात लावला, लोखंडाचा पापुद्रा त्याच्या बोटाला आला. "वेल्डिंग कशाला करू साहेब?" तो म्हणाला. "पकडायला कायतरी पाहिजे ना." पनवेलहून मोडक्या गाड्या ओढून नेणाऱ्या टोचनवाल्याला बोलवायला लागेल असं सांगून तो गेला.

टोचनवाला येईपर्यंत ऊन चढलं. बायको माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "माका जावचा आसा." ट्रेलर पुढे कलंडलेला, दार वर उचललं गेलेलं. मेहुण्यानं जॅक लावून जमेल तेवढा टेकवला आणि मी तिला हाताला धरून वर चढवलं. आत जमीन घसरगुंडीसारखी. तिनं एका हातानं बेसिन धरलं, मी बाहेरून दार धरून उभा राहिलो. मग तिचा आवाज आला, "पाणी नाय."

धक्क्यानं टाकीचा पाइप तुटला होता. खाली पाणी नुसतं वाहत होतं, खडीत जिरत होतं. मेहुणा पोटावर झोपून ट्रेलरखाली सरकला आणि ती धार बादलीत धरायला लागला. त्याचा शर्ट चिखलानं भरला. तो बादली मला द्यायचा, मी दाराच्या फटीतून तिला. आतून ती फक्त म्हणायची, "अजून दी." शेवटी शेवटी धार इतकी बारीक झाली की मेहुण्यानं ओंजळ धरली. त्याला मी तेव्हा रडताना बघितलं, पण ती बाहेर आली तेव्हा तो तोंड पुसून उभा होता.

तिनं आक्काला फोन लावला. "आक्का, गाडी मोडली. नाय येवक गावत."

"खय आसास?"

"वडखळच्या फुडे."

"बरा झाला थयच मोडली. घाटात मोडली असती तर काय केला असतास?" मग थोड्या वेळानं, "माका दाखव तरी कशी आसा ती."

बायकोनं फोन फिरवला. नाक घासलेला ट्रेलर, वाकडं दार, काच, पडदा. आक्का बघत होती. "बरी आसा," ती म्हणाली. "खिडकी पण आसा."

आम्ही मुंबईला परत निघालो. ट्रेलर टोचनच्या गाडीवर चढून आमच्या पुढे चालला होता. वाटेत दोनदा बायकोला थांबावंसं वाटलं असणार, तिचा हात पोटावर होता. पण ती काही म्हणाली नाही आणि आम्ही थांबलो नाही. घरी पोचल्यावर सरळ बाथरूममध्ये गेली. साडी पार खराब झाली होती. तिनं ती मला धुऊ दिली नाही.

मेहुण्यानं धीर सोडला नव्हता. नवी चासी बनवणाऱ्या एकाला त्यानं कॉटन ग्रीनला आणलं. त्या माणसानं चार कोपऱ्यांवरून खोली जॅकनं उचलायचा प्रयत्न केला. चासीपासून फळ्या सुटल्या त्या तुकड्या तुकड्यांनी, भिंत खालून फाकली. त्यानं जॅक पुन्हा खाली घेतला. मेहुणा त्याच्याशी वाद घालत होता. मी घातला नाही. मला ते पहिल्या दिवशी पान्यानं ठोकलं तेव्हाच ऐकू आलं होतं, आणि तरी आम्ही निघालो होतो. पुन्हा तसंच ऐकलं तर पुन्हा निघालो असतो, असं मला अजूनही वाटतं. दुसरा रस्ता नव्हता.

थंडीत बायकोच्या तपासणीत यकृतावर काहीतरी दिसलं. ऑपरेशननंतर दिलं होतं ते सलाइनमधलं औषध पुन्हा सुरू झालं. केस गेले, तोंडाची चव गेली. आक्काला आम्ही ते सांगितलं नाही. बायको फोनवर डोक्याला स्कार्फ बांधून बसायची आणि म्हणायची, थंडी आहे. शिमग्याच्या आधी एका सकाळी गावाहून आक्काच्या शेजारच्या बाईचा फोन आला. आक्का झोपेतच गेली होती.

बायकोला जाणं शक्य नव्हतं. औषधाचा दुसराच दिवस होता, उठून बसायचीही ताकद नव्हती. मेहुणा एकटा गेला. त्यानं तिथून विचारलं, "ताई, फोनवर दाखवू का?" ती म्हणाली, "नको." मी तिला आंघोळ घातली. गरम पाणी खांद्यावरून सोडत होतो तेव्हा ती म्हणाली, "तिना माका न्हाणीत अशीच बसवून न्हावक घातल्यान. रडलंय तर पाठीत धपको." मी पाणी घालत राहिलो.

गोदामवाल्याला जागा हवी होती. दारूखाना भागातला भंगारवाला माणसं घेऊन आला आणि गॅसनं ट्रेलर कापायला घेतला. चासीला आग धरली की आतला गंज ठिणग्यांसारखा उडायचा. चाकं आणि एक्सल तेवढे धड निघाले. काम संपायच्या आतच मी निघालो, कारण बायकोला दुपारचं औषध द्यायचं होतं.

पुढच्या आठवड्यात मेहुणा गावाहून परतून जेवायला आला. जेवताना त्यानं फोन काढून एक नवा ट्रेलर दाखवला. पुण्याकडे कुणीतरी बनवतं, चासी नवी, गंजाचा प्रश्नच नाही, टाकी बरोबर चाकांच्या वर. "ताई, हा बघ. ह्याला काही होणार नाही."

तिनं फोन हातात घेऊन नीट बघितला. एकेक फोटो पुढे सरकवला. मग परत दिला.

"चांगलो आसा," ती म्हणाली. "पण आता खय जावचा?"

मेहुण्यानं माझ्याकडे बघितलं. कुठलंही गाव, कुठलाही समुद्र मी सांगू शकलो असतो, पण तिला कुठे फिरायला जायचं नव्हतं. तिला आक्काकडे जायचं होतं. मेहुण्यानं फोन खिशात ठेवला, ताटातला भात संपवला आणि हात धुवायला उठला. सोमवारपासून औषधाची पुढची फेरी होती. मी तिची हॉस्पिटलची बॅग भरायला घेतली.